पंपिंग तीस टक्के

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं,
करडं, धुरकट, कंटाळल्यासारखं उघडझाप करणारं,
आणि म्हणाले, पंपिंग तीस टक्के आहे.
दादा उठून बसले. शर्टाची बटणं वरखाली लावत म्हणाले,
"तिसात कसं भागंल? भोगावतीचं पाणी
माळापतूर चढायचं न्हाई. रिंगा बदला."

डॉक्टर हसले.
हिंदुराव मिस्त्री, वय त्र्याण्णव, वजन एकोणचाळीस किलो,
त्यातलं दीड किलो घोट्यांत साचलेलं पाणी.
उद्यमनगरात पन्नास वर्षं या माणसानं ऑइल इंजिनं ऐकली.
डिसमिसचं टोक सिलिंडरवर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटायचे, आणि सांगायचे:
नोझल. किंवा टॅपेट.
किंवा, काय झालं न्हाई, मालकच घाई करतोय.

आता रोज सकाळी मी त्यांना वजनकाट्यावर उभं करते.
आकडा वाढला की पाण्याची गोळी अर्धी जास्त.
मीठ बंद. खरड्याचं नाव काढायचं नाही.
जेवलेलं विसरतात,
आमटीत मीठ नव्हतं हे विसरत नाहीत.

मला कधी बाळू म्हणतात, कधी वैनी,
एकदा तर हात जोडून, मालक.
मी शालन. एकोणसत्तर वर्षांची. लेक.
पहिलं वर्षभर दरवेळी सांगायची,
दरवेळी त्यांचा चेहरा पडायचा,
उधारी आठवून दिल्यासारखा.
आता जे नाव येईल त्याला ओ देते.
बाळू म्हणाले की हातात पाना देते.
पाना म्हणजे डाव.

फिजिओची पोरगी येते मंगळवारी,
दोन बोटं पुढं करून म्हणते, आजोबा, जोरात दाबा.
दादा दाबतात. ओठ चावून दाबतात.
ती काहीतरी लिहून घेते. काय लिहिलं, मी विचारलं नाही.
दहा घोड्यांच्या इंजिनाला हँडल मारायचे हे हात,
एका हिसक्यात.

भाऊ पिंपरीहून फोन करतो, "ओळखतात का गं?"
मी सांगते, आवाज ओळखतात.
खोटं नाही. मिक्सरचं बेअरिंग गेलंय
हे त्यांनीच सांगितलं, पलंगावरून, भिंतीकडं तोंड करून.
भावाचा आवाज मात्र त्यांनी फोन कानापासून लांब धरून ऐकला
आणि म्हणाले, कोण गिऱ्हाईक हाय, उद्या या म्हणावं.

परवा पहाटे तीनला उशा तीन होत्या, दादा नव्हते.
स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले,
गॅसच्या सिलिंडरला कान लावून.
"बंद पडलंय," म्हणाले. धाप लागलेली,
दोन शब्दांमध्ये एक अख्खा श्वास.
"कवाधरनं बंद हाय. कुणी ऐकलंच न्हाई."

उठवायला काखेत हात घातले.
एकोणचाळीस किलो, पण माझेही गुडघे काही नवे नाहीत.
दोघंही तिथंच बसलो, गार फरशीवर.
त्यांचं डोकं माझ्या छातीवर आलं,
आणि सवयीनं डोळे मिटले गेले.

"थांब," म्हणाले.
मी थांबले.
"हितं एक ठोका खातंय.
सहा बरोबर पडत्यात. सातवा खातंय."

मी कुणाला सांगितलं नव्हतं.
दिवाळीपासून जिना चढताना
छातीत काहीतरी पायरी चुकतं,
आणि मी कठड्याला धरून
जाळी झाडायची राहिलीय असा चेहरा करून उभी राहते.

"बंद करू काय, मिस्त्री?" मी विचारलं, बाळू होऊन.
"येडा हाईस काय? ह्या वयाचं इंजिन बंद केलंस
तर परत लागंल व्हय?
चालू दे. बारीक ठेव. सकाळी बघू."

त्यांचे पाय पदरानं झाकले. टम्म, गार.
बोट दाबलं की खळगा पडतो, भरायला वेळ घेतो.
बाहेरच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला,
दोन ट्रॉल्या, मागची खडखडणारी.
दादांनी डोळे न उघडता मान हलवली.
त्याचंही काहीतरी बरोबर नव्हतं.