चिखल कुठवर

तीन सुया, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या.
दिव्यावर पालथ्या वाडग्यात धरलेली जवसाच्या तेलाची काजळी.
बाकी मी काही आणत नाही, ते इथंच पडलेलं असतं:
ओल्या सारवणावरून कोंबडी गेलेली,
किडीनं खाऊन जाळी केलेलं सागाचं पान.
एक पान वहीत दाबलं होतं. उघडलं तर भुगा.
तोवर बोटांना पाठ झालं होतं.

कुरखेड्याच्या बाजारात रेवता आली.
"मायच्या पोटरीवर होतं तसं काढून द्या जी."
कसं होतं?
"मासोळ्या असतील. का दाणे?
फोटो आहे एक, पण त्यात ती खुर्चीवर,
लुगडं घोट्यापर्यंत."

माय पाठमोरी कधी दिसायची तुला?
"रोवण्यात. ती बांधीत, मी धुऱ्यावर,
धाकट्याला घेऊन."
चिखल कुठवर?
तिनं आपल्या पायावर बोट ठेवलं.
तिथून सुरू केलं, वर.

टोच, पूस. टोच, पूस.
दुखलं की तिला आठवायचं:
"इथं नाही, जरा आत. हां. आणि ही वाकडी होती."
मी वाकडी काढली.

ऊन कललं तेव्हा सात मासोळ्या.
एरंडेल-हळद लावताना म्हणाली,
"खाली कोरंच राहिलं."
खालचं तू पाहिलं कुठं?

पैसे दिले. खोचलेली साडी सोडली नाही.
वांगी, सुकट, बांगड्यांच्या ढिगांमधून गेली
रोवण्यात चालतात तशी,
एकेक पाय उपसून.