दुसरा दाब

पहिल्या दाबाला काही नसायचं.
पाय नुसता खाली, खाली जायचा,
भिजलेल्या गादीत रुतावा तसा.
दुसऱ्या दाबाला मात्र लागायचा ब्रेक.
लागतोय ना, म्हणून मी गप्प,
दिवाळीपासून दोनदा दाबत आले.

मग परवा, वाघबीळच्या उतारावर
पुढं उसाची ट्रॉली, मागं माझी ऑल्टो,
डिकीत बर्फाच्या पेटीत
कोडोलीच्या एकोणीस जणांचं रक्त, नावं लिहिलेलं.
एकदा. दोनदा.
तिसऱ्याला थांबली.
उसाचे शेंडे काचेला टेकलेले,
आणि मला ते मोजता आले असते.

उद्यमनगरात शिकलगार मामांचं शेड.
शेजारच्या फौंड्रीतनं जळक्या वाळूचा वास.
"कवापास्नं?"
"दिवाळीपास्नं."
"आणि आता?"
"मार्च," मी म्हणाले.
मामांनी नुसता चष्मा पुसला.

वाकून त्यांनी हातानंच पॅडल दाबलं,
पोरासोराचं पोट दाबून बघावं तसं.
भराभर तीनदा मारलं, ते चढत वर आलं.
मग धरून ठेवलं, कान लावल्यासारखे, बराच वेळ.
"बसत न्हाई. म्हंजे मास्टर ठीक हाय.
हवा शिरलीया.
तेल कवा दबत न्हाई बाई, दबती ती हवा."
"पण आली कुठनं?"
"तेल गेलं तिथनं."

मागचं डावं चाक.
ड्रम ठोकून काढला तर आत काळी ओल,
सिलिंडरच्या रबराला नखाएवढी चीर,
लायनर तेल पिऊन बसलेले.
एवढ्याशा चिरेनं
पाच महिने थेंब थेंब दिला होता
आणि बदल्यात थोडी थोडी हवा घेतली होती.

नवा सिलिंडर बसला. नवे लायनर.
पोऱ्या दहावीच्या पेपराला गेलेला.
"तुमीच बसा आत," म्हणत मामा गाडीखाली सरकले.
त्यांची नळी कुठं सापडेना.
माझ्या पिशवीतनं सलाईनची दिली, कोरी.
"ही झ्याक हाय," खालनं आवाज आला.

दाबा.
दाबलं.
धरा.
धरलं.
पाना अर्धा फिरला असणार,
माझा पाय एकाएकी तळाला गेला.
सोडू नगा! मी सांगस्तवर सोडू नगा,
न्हाईतर गेलेली परत येती घरला.
आवळलं. हां, सोडा आता.

मला काहीच दिसत नव्हतं,
समोर भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर.
आला एक, मोठा हुता.
आता बारकं बारकं.
अजून एक.
इंजेक्शनआधी सुई वर धरून
मी सिरिंजला टिचकी मारते, तसाच बुडबुडा
डोळ्यांपुढं आणत राहिले, दाबत राहिले.
मधेच मामा उठून बॉनेटपाशी,
डबी रिकामी पडू नये म्हणून तेल ओतायला.
लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी.
मागचं उजवं. पुढचं डावं.
पुढच्या उजव्याला माझी पोटरी थरथरायला लागली.
बाटलीत साचलं होतं करपलेल्या चहासारखं,
आणि वरनं उतरत होतं नवं, मधाच्या रंगाचं.
पत्र्यावर सांडलेल्या चार थेंबांवर त्यांनी
घाईनं तांब्याभर पाणी मारलं,
"रंग खातंय ह्ये."

पार्वतीच्या सिग्नलला मुद्दाम जोरात आणली.
पहिल्या दाबाला पॅडल ताठ, दगडासारखं.
गाडी उभी. पिशवी सीटवरनं खाली.
तरी पाय उचलून मी पुन्हा दाबलंच.
ते जागचं हललं नाही.
हिरवा पडला तरी मी तिथंच,
मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या अकलेचा हिशोब मांडला.

घरी आले तर साडेनऊ.
बेल दाबली,
आणि हात सवयीनं पुन्हा बेलवर गेला.
आतनं लेकीचा आवाज, दाराशी आलेला,
"आलो की गं! पहिलीच ऐकली हुती."