आकडा

त्रशित्सेच्या हॉप्सच्या मळ्यातून
ती आली ट्रेलरवर, आडवी,
दोरखंडांनी आवळलेली.
बाईनं नोटा दोनदा मोजल्या.
म्हणाली, "भाऊ चालवायचा. मग कोंबड्या बसायच्या."
एवढंच.

माझी जावा पंचावन्न सालची.
कागद शाबूत, क्रँक शाबूत,
बाकीचं विचारू नका.
हिचं उलट : कागद उंदरांनी खाल्लेले,
पण इंजिनाचं डावं झाकण असं, की
रॉकेलच्या फडक्यानं पुसलं
आणि माझंच तोंड दिसलं, चष्म्यासकट.

झ्देन्येक म्हणाला, हिचं काढायचं, तिला घालायचं,
त्यात रडण्यासारखं काय?
मी कुठं रडत होतो.
गंजक्या नटाला रात्रभर तेल पाजायचं,
सकाळी पाना लावायचा,
आणि तो पहिला कर्र,
बावीस वर्षांनी कुणी घसा साफ केल्यासारखा.
तिथं जरा थांबायला होतं.

नोव्हेंबरभर उतरवत गेलो.
दिव्याची वाटी. टाकीची रबरं.
तो एकच दांडा, ज्यानं किकही मारायची, गिअरही टाकायचा;
टोकाचं रबर एकाच अंगाला झिजलेलं.
माझा पाय तसा पडत नाही.
तरी तेच लावलं.

आणि मागच्या ब्रेकच्या सळईला
पिनेच्या जागी
बाईच्या केसांतला आकडा.
काळा, टोकं नीट मुडपलेला.
गंज सगळीकडे, त्याच्यावर नाही.
कुठंतरी रस्त्यात पीन तुटली असणार,
त्यानं मागं वळून पाहिलं असणार,
आणि तिनं मान जराशी कलती करून…
बहीण असेल म्हणा.
मला नाही वाटत.

लुद्मिला कोको घेऊन गॅरेजात आली.
उजेडात धरून पाहिला.
"हा कुणाचा?"
सदतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं असं,
आणि मला खरंच माहीत नव्हतं.
मग तिनंच तो सळईत परत ओवला,
पकडीनं टोकं दाबली.
"टिकलाय तर राहू दे."

मार्चमध्ये तपासणी.
फ्रेमवरचा आकडा? वाचून दाखवला.
कागदावरचा आकडा? जुळला.
साहेबानं शिक्का मारला : हीच ती.
वजनानं अर्ध्याहून जास्त ती दुसरी,
पण शिक्क्याला वजन कळत नाही.
तिसऱ्या आकड्यासाठी तो खाली वाकला नाही.

उरलेल्या सांगाड्यावर लुद्मिलानं घेवडा चढवला.

जुलैत त्रशित्सेला गेलो, बाईला दाखवायला.
ती फाटकाच्या आतच थांबली,
पदार्थ चाखावा तसा
आवाज ऐकला.
"ही त्याची नव्हे."
खरं होतं. क्रँक माझा.
मी बरं म्हणालो, गाडी वळवली,
आणि तिच्या उतारावर
मागचा ब्रेक
हलकेच दाबला.