खालची पट्टी

कुडचड्यात, शिंप्याच्या दुकानावर, एका खोलीत
आमची वाहिनी राहते.
दोन पंखे, त्यातला एक फिरतो.
मी पडद्याची खालची पट्टी लिहितो:
काकोडा १, शेल्डे ०, चौतिसावं मिनिट.
अकरा वर्षं एवढंच लिहिलं.
गोल झाला की मी ताडकन उठतो, खुर्ची मागे सरकते,
आणि खाली मोनू शिंप्याला
दूरदर्शन संच नसताना
कळतं.

खाणी चालू होत्या तेव्हा
पट्टीवर ट्रकमालक धावायचे,
टायरवाले, डिझेलवाले, दोन-दोन वेल्डिंगवाले,
चेंडूपेक्षा जोरात.
आता एकटा इनास पोदेर उरलाय.
तो पैसे देत नाही, उंडे देतो.
मध्यंतरात आम्ही आमची जाहिरात खातो.

सोमवारी पणजीहून माणूस आला, इस्त्रीचा.
म्हणाला, तुमचं चिन्ह छान आहे, चिन्ह आम्ही घेऊ.
आणि मैदान?
कुठलं मैदान, म्हणाला.
तसं त्याचंही बरोबर.
पावसात तिथे भात असतं,
कापणी झाली की चुना पडतो,
पूर्वेचा कोपरा वीतभर उताराला आहे
आणि तिथून मारलेला चेंडू
पिएदादच्या परसातच जातो, तिच्या मिरच्यांवर.

हे तुळशीदासला माहीत आहे.
दिवसा तो विजेचे मीटर वाचतो, संध्याकाळी सामना.
कोणाची आई कुठल्या वाड्यावरची,
कोणता गोलरक्षक उद्या तारवावर चाललाय,
सगळं सांगतो, मग वेळ उरला तर खेळ.
पूर्वी गोलला त्याचा आवाज फाटायचा.
हल्ली तोही खालच्या पट्टीत बोलतो.
केबलवाल्याचं पत्र त्यानेच आधी फोडलं होतं.
महिनाअखेर, इतकंच लिहिलंय त्यात.
कुठला महिना ते नाही.

परवा बांधावर रुझारचा नातू
बांबूला फोन बांधून उभा.
त्याचा सामना फुकट जातो,
आमच्याआधी पोचतो,
उत्तर समुद्रातल्या कुठल्याशा जहाजावर
त्याचा मामा बघत होता म्हणे, कामाच्या वेळेत.
मला राग यायला हवा होता.
मी त्याला म्हटलं, सूर्याकडे पाठ कर,
आणि बांबू जरा खाली घे,
नाहीतर सगळे बुटके दिसतात.
त्याने घेतला.
थँक्यू अंकल, म्हणाला.
अंकल.

काल उपांत्य सामना. शून्य-शून्य.
एकोणनव्वदावं मिनिट, कोणी पळेना.
पट्टीवर लिहायला काही नव्हतं.
खालून शिवणयंत्राची टरटर येत होती,
सरळ, लांबलचक, पडद्याच्या कापडासारखी.
का कोण जाणे,
मी उठलो. खुर्ची मागे सरकवली. जोरात.

यंत्र थांबलं.

जिन्याखालून मोनूचा आवाज आला,
कोणाचो रे?