ळचे खिळे

कादंबरी मला कधी मानवली नाही.
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी ती,
तिच्या आंघोळीचं पाणी तापवा, तिचं पथ्य सांभाळा.
कथा उभ्याउभ्या येते,
चहा अर्धा ठेवते,
आणि खरं काय ते सांगते
निघताना, चपलेत पाय सरकवता सरकवता.

असल्या कथा लश्करात एकच माणूस छापायचा.
दिगंबर खिरवडकर. गणिताच्या शिकवण्या,
त्या पैशांत वर्षाला एक पुस्तक, प्रती तीनशे,
दौलतगंजातल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात,
सहालग नसेल तेव्हा.
मुखपृष्ठाला पत्रिकांचाच उरलेला कागद;
एका संग्रहाला आतून गणपती होता, उलटा.

जुळारी रामसेवक, मोरारचा.
मराठी अक्षर न् अक्षर बघून लावायचा,
अर्थाच्या वाटेला न जाता.
अडायचं एकाच ठिकाणी:
हिंदी छापखान्यात ळ नसतो.
खिरवडकरांनी पुण्याहून साठ खिळे आणवलेले,
तंबाखूच्या डबीत ठेवलेले.
आठ पानांच्या फॉर्म्याला साठ.
पाचव्या पानाशी डबी रिकामी,
मग काळोखाचा कालोख,
डोळ्यांचे डोले,
नळाला पाणी येई ते नलाला.

मी ए.जी. ऑफिसात, ऑडिटला.
वाचतानाही तांबडी पेन्सिल हातात.
एका कथेत म्हातारा खाटेवरून म्हणतो, ‘काल आला.’
बस्स. पुढे कथा संपते.
दोन दिवस मी तेच घोळवत राहिले,
ऑफिसात, टेम्पोत, भाजी निवडताना:
कोण आला काल?
किती बेमालूम लपवलंय लेखकाने!
तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
पान सातवं. डबी संपलेली.
म्हाताऱ्याचा काळ आला होता.

मग पत्र लिहिलं, ऑफिसच्या सवयीने.
आक्षेप एकूण एकशे बारा,
पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध.

उत्तर कार्डावर आलं:
‘पुस्तकाला दोन वर्षं झाली.
त्याच्याबद्दलचं हे पहिलंच पत्र.
आक्षेप मान्य. वसुलीही आपणच करावी.’
आणि रविवारी दारात टेम्पो,
न खपलेल्या दोनशे चौदा प्रती,
वर खिरवडकर, मागे रामसेवक, हातात गजकाचा पुडा.

तो सबंध हिवाळा आम्ही ळ घातले.
काळी शाई, बारीक निब,
ल खरवडायला अर्धं ब्लेड.
रामसेवक शेकोटीजवळ बसून विचारी,
‘बाईजी, ये बोला कैसे जाता है?’
जीभ वळव, टाळूला लाव, म्हटलं,
आणि हसू आलं, वळव आणि टाळू,
शिकवायचं तेच शिकवण्यात.
त्याला शेवटपर्यंत ड यायचा.
‘काडोख,’ म्हणायचा, आणि खूश व्हायचा.

कधी वाटायचं, कोण वाचणार आहे हे?
भोपाळचा एखादा, देवासची एखादी.
पण शाई वाळेपर्यंत पान धरून बसावं लागे,
आणि धरलं की वाचलं जाई.
एकेक कथा दोनशे चौदा वेळा,
तरी एक कथा कुठे संपते ते मला कळलं नाही.

शेवटचा गठ्ठा बांधताना
खिरवडकरांनी सहज एक प्रत उघडली.
सातवं पान. मग दुसरी प्रत, मग तिसरी.
सगळीकडे ळ होता,
तेवढी एक जागा मी सोडलेली,
दोनशे चौदाही प्रतींत.
ते काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला, दोरी आवळली,
आणि दारात, चपलेत पाय सरकवता सरकवता म्हणाले,
‘कोण आला असेल हो?’