केंद्र हलवलं तर

फेब्रुवारी. डलूथच्या टेकडीवरचं कॉलेज,
संध्याकाळचा वर्ग, कॅल्क्युलस दोन.
खिडकीखाली सरोवर गोठलेलं,
धक्क्याला बांधलेली दोन खनिजवाहू जहाजं
मार्चअखेरची वाट बघत.

ऑर्व्हिल निएमी, वय एकोणसाठ,
तीस वर्षं त्याच धक्क्यावर टॅकोनाइट ओतलेला,
गुडघा गेल्यावर गणिताला लागलेला,
माझ्या टेबलावर सहा पानं ठेवतो.
एक भागिले, एक अधिक एक्स वर्ग.
शून्याभोवती विस्तार करा, एवढाच प्रश्न होता.

त्यानं विकलन केलं. पुन्हा केलं. पुन्हा.
भागाकाराचा नियम, त्याच्या पोटात गुणाकाराचा,
छेदाचा घात फुगत गेला, कंसात कंस अडकले,
खोडरबरानं कागद दोनदा फाटला, तिथे चिकटपट्टी.
चौथ्या विकलजाला चोवीस आले
आणि भागायचं होतं चोवीसनंच.
सहाव्याला वजा सातशे वीस, खाली सातशे वीस.
समासात पेन्सिलीनं बारीक:
एवढं करून एक?

मी खडू घेते.
मागच्या आठवड्यातली भूमिती श्रेणी आठव, म्हणते,
एक्सच्या जागी वजा एक्स वर्ग ठेव. झालं.
एक ओळ.
मागच्या बाकावर कुणीतरी हसतं.
ऑर्व्हिल पानांच्या कडा जुळवतो,
‘उत्तर तेच आहे ना?’
तेच आहे.

फंक्शनला आम्ही शाळेत फल म्हणायचो.
फळ नव्हे, टिपणीसबाई बजावायच्या,
ळ लिहिला की अर्धा गुण कापायच्या.
आणि टर्मला पद.
पहिलं पद, दुसरं पद, तिसरं,
कुणीतरी अंगणातून दाराकडे येतंय असं वाटायचं.
इथे तोंडानं इंग्रजी बोलते,
आत अजून पावलंच वाजतात.

वर्ग सुटला. ऑर्व्हिल उठत नाही.
एक्सला अर्धा देऊन बघतो:
पाऊण, मग थोडं वर,
मग शून्य दशांश आठच्या अंमळ खाली,
डोलत डोलत जागेवर,
जहाज धक्क्याला लागावं तसं.
एक देतो: एक, शून्य, एक, शून्य.
दोन देतो: एक, वजा तीन, तेरा, वजा एक्कावन्न.
‘आलेख तर कुठेच तुटलेला नाही,’ तो म्हणतो,
‘दोनवर सरळ एक पंचमांश आहे.
मग ही बया एकापाशीच का बिथरते?’

रस्त्यावर काही नाही, ऑर्व्हिल.
मी शून्यातून उभी रेघ काढते,
त्याच्या रस्त्याला काटकोनात,
वर एकावर एक ठिपका, खाली वजा एकावर दुसरा.
कल्पित संख्या. तिथे छेद शून्य होतो.
तू एका रेघेवरून चालतोस,
श्रेणीला मात्र चहूबाजूंचं कळतं.
सगळ्यात जवळचा खड्डा जितका लांब
तितकीच तिची धाव.

तो बराच वेळ फळ्याकडे बघतो.
‘कल्पित,’ म्हणतो. ‘आणि तरी अडवतं.’
मग, गुडघा चोळत:
‘केंद्र हलवलं तर?
शून्य सोडून मी दोनवर जाऊन बसलो तर?’

अठरा वर्षांची मुलं हे विचारत नाहीत.
मी नवं वर्तुळ काढते. त्रिज्या, पाचाचं वर्गमूळ.
खूप मोठं. खूप जागा.
आणि कडेवर, मोजून, तेच दोन ठिपके.
‘शंभरावर?’
आणखी मोठं.
‘आणि ठिपके?’
तेच.

घड्याळात साडेनऊ.
म्हणजे अंबाजोगाईत सकाळचे नऊ,
उन्हं शाळेच्या पायऱ्यांवर आली असतील.
मी डस्टर उचलते, ठेवून देते.

ऑर्व्हिल फोटो काढत नाही.
सातवं पान घेतो,
कॉफीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवतो.
वर्तुळ ठिपक्यांच्या जरा अलीकडेच राहतं.
खोडतो.
झाकण केसभर सरकवतो.