निळं फाटक

उणे एकतीस. उलानबातरच्या उत्तरेची टेकडी.
पत्ता एवढाच : निळं फाटक, कुत्रं मोकळं आहे.
गानखुयाग इंजिन बंद करत नाही,
केलं तर सकाळपर्यंत सुरू व्हायचं नाही.

सारनाई चढते.
सलाइनची पिशवी कोटाच्या आत, पोटाशी,
गोठू नये म्हणून
तान्हं मूल न्यावं तशी.

तंबूत कोळशाचा धूर.
आधी दार सताड उघडते, मग माणसाकडे बघते.
हा क्रम चुकला की एका रुग्णाचे दोन होतात.
मुखवटा. ऑक्सिजन. नाडी सापडते, निसटते,
सापडते.
हातमोज्यावर वेळ लिहिते : तीन सतरा.

स्ट्रेचरवरून म्हातारा चोइजिल विचारतो,
चूल कोण विझवणार?
मी, ती म्हणते.
आणि खरंच मागे जाऊन विझवून येते.
फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

इस्पितळाच्या दारात घडाघडा सांगते :
वय, दाब, श्वास, कधी काय दिलं.
खाट आत जाते. दार मिटतं.
पुढचं तिला बहुधा कळणार नाही.

गाडीत खारट दुधाचा चहा.
पोटावर पिशवीएवढा गारवा
अजून तसाच.
वायरलेस खरखरतो :
फाटक नाही, टायरांचं कुंपण,
बाई, दिवस भरलेले.

ती नवी पिशवी कोटात सरकवते.